वाइनची रिकामी बाटली : बागाईतदारांनीं करावयाचा एक हिशेब

नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागांचा विचार करतांना आपण मांडव, छाटणी, पाणी, भुरी-केवडा आणि बाजारभाव यांचाच विचार करतों. ज्यांचीं द्राक्षें खाण्याकरितां जातात त्यांना एवढें पुरतें. परंतु ज्यांनीं वाइनच्या जातींची लागवड केली आहे त्यांच्या मालाचा प्रवास कारखान्याच्या वजनकांट्यावर संपत नाहीं. तो एका काचेच्या बाटलींत शिरतो, आणि ती बाटली रिकामी होऊन उकिरड्यावर, ओढ्यांत किंवा कोणाच्या तरी बांधावर पडेपर्यंत चालूं राहतो. या शेवटच्या टप्प्याशीं आपला काय संबंध, असें पुष्कळांस वाटेल. संबंध दुहेरी आहे. एक तर, बाटलीची किंमत वाइनच्या विक्रींतून प्रथम वळती होते आणि मग उरलेल्या रकमेंतून द्राक्षाला भाव मिळतो. दुसरें असें कीं, फुटकी बाटली ज्या जमिनींत पडते ती जमीन बहुधा शेतकऱ्याचीच असते. मद्यपान इष्ट कीं अनिष्ट हा प्रश्न निराळा आहे, व त्याचा विचार येथें करावयाचा नाहीं. परंतु ज्यांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनींही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पिणाऱ्याच्या हातून सुटलेली बाटली पुष्कळदां न पिणाऱ्याच्याच पायांत शिरते.

बाटलीचा खर्च कोणावर पडतो.— आपल्या जिल्ह्यांतील वाइनचा धंदा फार जुना नाहीं. पिंपळगांव बसवंत येथें १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ वाइनचा प्रयोग झाला; त्याच सुमारास पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथेंही तसा कारखाना निघाला. सुला या कारखान्यानें गंगापूर धरणाच्या बाजूस लावलेल्या बागांतून २००० सालीं आपली पहिली वाइन बाजारांत आणली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन-उद्यानें निघालीं. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक, शिराझ, कॅबरने हीं नांवें त्या वेळीं निफाड-दिंडोरीच्या बांधावर ऐकूं येऊं लागलीं. पुढें २००८ सालची जागतिक मंदी आली. मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या, कांहीं ठिकाणीं करार झालेला मालही उचलला गेला नाहीं, आणि अनेकांनीं वाइनच्या वेली मुळासकट उपटून काढल्या. ज्यांनीं तो काळ सोसला आहे त्यांना सांगावयास नको कीं, कारखान्याच्या जमाखर्चांत ताणतां येण्याजोगी अशी एकच बाब असते, व ती म्हणजे द्राक्षाचें देणें. काचवाला थांबत नाहीं, पुठ्ठेवाला थांबत नाहीं, वाहतूकदार तर मुळींच थांबत नाहीं. थांबतो तो शेतकरी. १९२२ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे २०२२ सालीं, सोडा आणि इंधन महाग झाल्यामुळें बाटल्यांचे भाव चढले, तेव्हां मद्याच्या सर्वच कारखानदारांनीं ओरड केली. ती ओरड ऐकतांना वाइन-बागाईतदारानें समजून असावें कीं, बाटलींतील प्रत्येक अनावश्यक ग्रॅम काच ही त्याच्या भावाशीं स्पर्धा करीत असते.

वजनाचा हिशेब.— वाइनची ७५० मिलिलिटरची साधी बाटली सुमारें अर्धा किलो वजनाची असते. दिखाऊ बाटल्या नऊशें ग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे आंतल्या वाइनपेक्षां बाहेरची काच जड. आतां एका एकराचा हिशेब करूं. वाइनच्या जातीपासून एकरीं ५ टन माल आला असें धरा. एक किलो द्राक्षापासून साधारण ६५० मिलिलिटर वाइन निघाली, तर ५,००० किलोपासून ३,२५० लिटर वाइन होईल आणि ती भरण्यास सुमारें ४,३३३ बाटल्या लागतील. बाटली ५५० ग्रॅमची असल्यास ही काच २,३८३ किलो भरते. पांच टन द्राक्षें देणारा एक एकर दरसाल जवळजवळ चोवीस क्विंटल काच जगांत सोडतो! हीच बाटली ४२० ग्रॅमची केली तर काच १,८२० किलोवर येते. एकरामागें साडेपांच क्विंटलांहून अधिक काच वांचते, आणि वाइनच्या एका थेंबालाही धक्का लागत नाहीं.

वाहतुकीचें पाहूं. भरलेली ५५० ग्रॅमची बाटली १ किलो ३०० ग्रॅमच्या घरांत जाते. पेट्यांचें वजन सोडून दिलें तर १० टनांच्या ट्रकांत अशा ७,६९२ बाटल्या मावतात. बाटली ४२० ग्रॅमची असल्यास त्याच ट्रकांत ८,५४७ बाटल्या जातील. दर खेपेस ८५५ बाटल्या अधिक, आणि तेवढेंच डिझेल.

येथें ५५० व ४२० हे आंकडे मनाचे घेतलेले नाहींत. ‘सस्टेनेबल वाइन राउंडटेबल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकारानें २०२३ सालीं वाइन विकणाऱ्या मोठमोठ्या दुकानदारांनीं एक करार केला. त्यांत बिनफेसाच्या वाइनच्या बाटलीचें सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून २०२६ अखेरपर्यंत ४२० ग्रॅमच्या खालीं आणण्याचें ठरलें. जे परदेशीं माल पाठवूं इच्छितात त्यांना ही गोष्ट आज ना उद्यां सक्तीसारखीच होईल.

फेसाळ वाइन मात्र या नियमांत बसत नाहीं. तिच्या बाटलींत सुमारें सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या जवळजवळ तिप्पट. तेथें काच जाड लागते आणि ती तशीच असावी. तरीसुद्धां फ्रान्समधील शांपेन प्रांतानें २०१० सालीं आपली ठराविक बाटली ९०० ग्रॅमवरून ८३५ ग्रॅमवर आणली. ज्यांच्या बाटलींत खरोखरीचा दाब आहे ते वजन कमी करतात, आणि ज्यांच्या बाटलींत केवळ डौल आहे ते वाढवितात! जड बाटली म्हणजे उंची वाइन, ही समजूत गिऱ्हाइकाच्या मनांत कोणी भरविली असेल ती असो. तिचा खर्च द्राक्षाच्या मुळाशीं येतो.

काच कशी होते.— वाळू, सोडा आणि चुनखडी हीं एकत्र करून सुमारें १,५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळविलीं म्हणजे काच होते. आपल्या प्रांताला ही विद्या परकी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडांतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं काचकारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंनीं काढलेल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील तर घरोघरीं पोहोंचला. आपल्या सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतही पुढें बाटल्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

काचेचा एक मोठा गुण असा कीं, ती कितीही वेळां वितळवा, तिची जात बिघडत नाहीं. भट्टींत फुटक्या काचेचें प्रमाण दर शेंकडा दहानें वाढविलें तर इंधनांत शेंकडा अडीच ते तीन बचत होते, कारण आधींच झालेली काच वितळण्यास कच्च्या मालाइतकी उष्णता लागत नाहीं. परंतु त्याकरितां तुकडे रंगवार वेगळे हवेत, आणि त्यांत दगड, चिनी माती, धातूचीं झांकणें नकोत. कपबशीचा एक तुकडा भट्टींत न वितळतां राहिला तर तो बाटलीच्या अंगांत खडा होऊन बसतो व ती बाटली तेथेंच तडकते. पांढऱ्या काचेंत हिरवा तुकडा चालत नाहीं. हिरव्या काचेंत मात्र मिश्र तुकडे पुष्कळ खपतात. म्हणून तांबड्या वाइनची गडद हिरवी बाटली जुन्या काचेपासून करणें सोपें, आणि पांढऱ्या वाइनची स्वच्छ पारदर्शक बाटली करणें अवघड.

हें सर्व खरें असलें तरी फोडून वितळविणें म्हणजे काटकसरीची खालची पायरी होय. चांगला नांगर मोडून त्याचें लोखंड विकावें आणि मग नवा घ्यावा, तसें हें आहे. वरची पायरी म्हणजे तीच बाटली धुवून पुन्हां भरणें.

फेऱ्यांचें गणित.— येथें वाचकांनीं थोडें थांबून पाटी-पेन्सिल घ्यावी. शंभर बाटल्या भरून पाठविल्या आणि त्यांपैकीं ऐंशीं धडक्या परत आल्या, असें समजा. त्या ऐंशीं भरून पाठविल्या तर चौसष्ट येतील, मग एकावन्न, मग एक्केचाळीस. या सर्व फेऱ्यांची बेरीज केली तर मूळच्या शंभर बाटल्यांनीं एकूण पांचशें वेळां वाइन वाहिली असें निघेल. म्हणजे दर बाटलीच्या सरासरी पांच फेऱ्या. शंभरांपैकीं नव्वद परत आल्या तर दहा फेऱ्या होतात. पंचाण्णव आल्या तर वीस. परत येण्याचें प्रमाण ऐंशींवरून नव्वदावर जाणें ही दिसावयास लहान गोष्ट आहे, पण तिनें बाटलीचें आयुष्य दुप्पट होतें. आणि नव्वदावरून पंचाण्णवावर गेलें तर तें पुन्हां दुप्पट.

आतां या हिशेबाला वजनाच्या हिशेबाशीं जोडा. धुवून पुन्हां भरावयाची बाटली थोडी मजबूत हवी. ती ५०० ग्रॅमची धरूं. तिच्या दहा फेऱ्या झाल्या तर दर फेरीस ५० ग्रॅम काच खर्ची पडली. एकदां वापरून टाकावयाची हलकी बाटली घेतली तर दर फेरीस ४२० ग्रॅम. सगळें जग हलक्या बाटलीच्या मागें लागलें आहे तें योग्यच आहे; पण ज्याचें गिऱ्हाईक जवळ आहे त्यानें त्यावर समाधान मानूं नये. नाशिकची वाइन मोठ्या प्रमाणावर मुंबईस व पुण्यास खपते. मुंबई येथून सुमारें १७० किलोमीटर, पुणें दोनशेंच्या थोडें पुढें. इतक्या अंतरावरून रिकामी बाटली परत आणणें परवडतें, विशेषतः माल टाकून ट्रक रिकामा परत येत असेल तर. हीच बाटली लंडनला गेली तर तिचा नाद सोडावा. तेथें हलकी बाटलीच खरी.

जुना धंदा.— रिकामी बाटली परत घेणें ही कल्पना विलायतेहून आणावयास नको. मुंबईंतील पारशी समाजांत बाटलीवाला हें आडनांव याच धंद्यावरून पडलें. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या व्यापारी आयुष्याचा आरंभ आपले मामा, व पुढें सासरे झालेले, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या हाताखालीं रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रींतूनच केला, आणि लोक त्यांनाही बाटलीवाला म्हणत. आजही गल्लींतून फिरणारा भंगारवाला तेंच काम करीत आहे. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली त्याच्या हातीं लागली तर तो ती फोडीत नाहीं. निराळी ठेवतो, पोत्यांत किंवा खोक्यांत भरतो, आणि ती घाऊक व्यापाऱ्यामार्फत पुन्हां बिअरच्या कारखान्यांत जाऊन धुतली व भरली जाते. वाइनची बाटली मात्र तोच भंगारवाला काचेच्या भावानें घेतो किंवा घेतच नाहीं.

हा भेद कां? बिअरच्या बाटलीचा आकार बहुतेक एक आहे, म्हणून तिला कोठेंही गिऱ्हाईक मिळतें. वाइनची बाटली एका कारखान्याची उभ्या खांद्याची, दुसऱ्याची उतरत्या खांद्याची, तिसऱ्याची बुडाशीं खोल खळगा असलेली. रंग चार, उंची पांच. वर चिकटविलेलें लेबल हल्लीं पुष्कळदां प्लॅस्टिकच्या आपोआप चिकटणाऱ्या कागदाचें असतें; तें धुण्याच्या पाण्यांत सुटत नाहीं. जुन्या खळीनें चिकटविलेला साधा कागद गरम पाण्यांत सहज निघे. बुचाऐवजीं फिरकीचें ॲल्युमिनियमचें झांकण आलें, तें वाइनच्या दृष्टीनें चांगलें आहे. पण तें उघडल्यावर त्याचें कडें बाटलीच्या मानेवर राहतें, व तें काढतांना आंट्यांची काच टवकते. आणि शेवटचें कारण असें कीं, नामांकित मद्याच्या रिकाम्या बाटलींत बनावट माल भरून विकल्याचे गुन्हे वारंवार उघडकीस येतात. त्या भीतीनें पुष्कळ हॉटेलवाले बाटली परत देण्यापेक्षां फोडून टाकणें पसंत करतात. भीति खोटी नाहीं. परंतु तिच्यावरचा उपाय म्हणजे बाटल्या मोजून, पावती करून, बंद खोक्यांतून परत घेणें हा आहे. फोडलेल्या काचेचा ढीग गांवाबाहेर नेऊन ओतणें हा नव्हे.

अनामत.— बाटली परत येण्यास सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तिच्यावर पैसा ठेवणें. तामिळनाडूंत मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. निलगिरीच्या डोंगरांत पर्यटकांनीं फेंकलेल्या बाटल्यांच्या काचांनीं हत्तींचे व इतर वन्य प्राण्यांचे पाय कापले जात, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे २०२२ पासून तेथें दर बाटलीस १० रुपये जादा घ्यावयाचे व रिकामी बाटली दुकानांत परत दिल्यावर ते परत करावयाचे, अशी योजना सुरू झाली. बाटल्यांचा फार मोठा भाग परत येऊं लागला आणि ती योजना पुढें इतर जिल्ह्यांतही नेण्यांत आली. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, उपदेशाच्या पाट्या तेथें आधींही होत्या. त्या वाचून ज्यानें बाटली उचलली नाहीं त्यानें ती दहा रुपयांकरितां उचलली; आणि ज्यानें फेंकलीच, त्याची दुसऱ्या कोणी तरी उचलली. गोवा सरकारनेंही २०२४ सालीं अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. केवळ मद्यापुरती ती नाहीं, इतर वेष्टनेंही तींत येतात.

जर्मनींत बिअरच्या पुनर्वापराच्या बाटलीवर ८ सेंट आणि एकदांच वापरावयाच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते; म्हणजे टाकाऊ वेष्टनाला अधिक जबर. वाइनची काचेची बाटली मात्र त्या सक्तींतून सुटलेली आहे. असें असूनही तेथील वुर्टेंबर्ग प्रांतांतील द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी संस्था एक लिटरची सामाईक बाटली परत घेऊन, धुवून, पुन्हां भरीत आल्या आहेत. सरकारनें सांगितलें नाहीं तरी बागाईतदार हें करूं शकतात, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे ऊस, दूध व कांदा यांच्या सहकारी संस्थांचा अनुभव कांहीं कमी नाहीं. दुधाची काचेची बाटली दारांतून परत नेली जात असे, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलेलें आहे.

धुण्याचें पाणी.— या भागाकडे शेतकऱ्यानें विशेष लक्ष द्यावें, कारण येथें एका कचऱ्याच्या बदल्यांत दुसरा पदरीं येण्याचा धोका आहे. बाटल्या धुण्यास बहुधा कॉस्टिक सोड्याचें दोन-तीन टक्के द्रावण ६० ते ८० अंश उष्ण करून वापरतात. त्यानें घाण, बुरशी व खळीचा कागद सुटतो. परंतु सोडा म्हणजे सोडियम. हें पाणी आम्ल घालून उदासीन केलें म्हणून तें शेताला चांगलें झालें असें नव्हे. तीव्रता जाते, सोडियम राहतें. गोदाकांठच्या काळ्या चिकण जमिनींत तें सांचलें म्हणजे मातीचे कण फुगतात व विसकटतात, पाणी मुरत नाहीं, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. ज्यांना चोपण जमीन म्हणजे काय हें ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणें नको. एकदां चोपण झालेली जमीन जिप्सम घालून व निचरा काढून सुधारण्यास वर्षें लागतात.

यावर मार्ग आहे. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलिया येथील कांहीं वाइन-कारखान्यांत टाक्या धुण्यास कॉस्टिक सोड्याऐवजीं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश, वापरतात. तें महाग पडतें. परंतु तें पाणी उदासीन करून योग्य प्रमाणांत बागेस दिलें असतां सोडियमचा उपद्रव टळतो, व पालाश तर वेलीला हवाच असतो. तरी पालाशाचीही अति नको. द्राक्षांत पालाश फार झाला तर रसाची आंबटाई उतरते व वाइन सपक होते. म्हणून धुण्याघरचें पाणी कोणी ‘खताचें पाणी’ म्हणून फुकट देऊं केलें, तर आधीं त्याची व आपल्या मातीची तपासणी करून घ्यावी.

काचेवांचून.— काचच टाकून दुसरें कांहीं घ्यावें असें सुचविणारे आहेत. ऑस्ट्रेलियांतील थॉमस अँगोव्ह यानें १९६५ सालीं खोक्यांतील पिशवीचें पेटंट घेतलें. तीन लिटरची अशी पिशवी व खोकें मिळून वजन दोनशें ग्रॅमच्या आंत राहतें, तर तेवढ्याच वाइनला चार बाटल्या, म्हणजे दोन किलो काच लागते. तोटी लावल्यामुळें उघडल्यावरही हवा आंत जात नाहीं व वाइन महिनाभर टिकते. परंतु पिशवीच्या पापुद्र्यांतून हवा हळूहळू शिरतेच, आणि आपल्या उन्हाळ्यांत ती अधिक लवकर शिरते. शिवाय निरनिराळ्या पापुद्र्यांची ती पिशवी वितळवून परत कामास आणणें अवघड आहे. ॲल्युमिनियमचा डबा जमेल तेथें चांगला. तो पुन्हां वितळविण्यास नव्या धातूच्या सुमारें पांच टक्केच शक्ति लागते, आणि त्याला भंगारांत भाव असल्यामुळें रस्त्यावर तो फार वेळ पडून राहत नाहीं. अकलूजच्या फ्राटेली व नाशिकच्या सुला या दोघांनींही डब्यांतील फेसाळ पेयें बाजारांत आणलीं आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीविषयीं न बोललेलें बरें. शेजारच्या कर्नाटकांत २००७ सालीं अरकाची विक्री बंद होईपर्यंत तो तशा पिशव्यांतून विकला जाई. त्या पिशव्या गटारांत कशा दिसत हें सीमेवरच्या गांवांतील लोक अजून सांगतात.

याहून सोपी एक गोष्ट मात्र आपल्याच दारांत आहे. नाशिकच्या वाइन-कारखान्यांत दरसाल हजारों पाहुणे येतात व तेथेंच बसून पितात. ज्या टाकींत वाइन तयार झाली तिच्यापासून शंभर पावलांवर ती प्यावयाची, आणि त्याकरितां तिला बाटलींत भरून, बूच मारून, लेबल लावून, पुन्हां उघडून बाटली फेंकावयाची, यांत शहाणपण कोणतें? बिअर जशी पोलादी पिंपांतून तोटीनें देतात तशी वाइनही देतां येते. पिंपांत नायट्रोजनचा दाब ठेवला म्हणजे ती बिघडत नाहीं, आणि तें पिंप वर्षानुवर्षें चालतें. अबकारी खात्याची परवानगी व मोजमाप यांची व्यवस्था करावी लागेल, परंतु ती काचेच्या डोंगरापेक्षां अवघड नाहीं.

आपण काय करावें.— पहिली गोष्ट कराराची. वाइनच्या द्राक्षांचे करार ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वीं होतात. त्या बैठकींत भाव, साखरेचें प्रमाण व उचलीची तारीख एवढेंच न विचारतां, बागाईतदारांच्या संघानें कारखान्यांपुढें सामाईक बाटलीचा प्रस्ताव ठेवावा : एकच आकार, तांबड्यास एक व पांढऱ्यास एक असे दोनच रंग, गरम पाण्यांत सुटणारें कागदी लेबल, मानेवर कडें न ठेवणारें झांकण. उंची वाइनकरितां ज्याला निराळी बाटली हवी त्यानें ती खुशाल घ्यावी. रोजच्या खपाची वाइन सामाईक बाटलींत जावी. धुण्याचें घर एकट्या कारखान्याला परवडणार नाहीं. विंचूरच्या वाइन-उद्यानासारख्या जागीं, जेथें अनेक कारखाने जवळजवळ आहेत, तेथें तें सर्वांचें मिळून होऊं शकेल. आरंभ नाशिक शहरांतील हॉटेलें व कारखान्यांचीं स्वतःचीं पाहुणेघरें यांपासून करावा, कारण तेथें बाटली एकाच ठिकाणीं उघडते व मोजून परत घेतां येते. वर्षभर फेऱ्यांचा हिशेब ठेवावा. शंभरीं नव्वद बाटल्या परत आल्या तर मुंबईकडे वळावें. सत्तरच आल्या तर प्रथम गळती कोठें आहे तें शोधावें.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. धरणाच्या व नदीच्या कांठीं, जेथें सहलीचे लोक बसतात, तेथें काचेची बाटली नेण्यास मनाई करण्याचा ठराव करावा, आणि गावांतील एका होतकरू भंगारवाल्यास बाटल्या उचलण्याचें काम ठराविक वाराला नेमून द्यावें.

राहिलें आपलें शेत. बांधावर सांपडलेली काच नांगराच्या तासांत लोटूं नये. ती कुजत नाहीं, गंजत नाहीं, आणि पुढच्या पावसाळ्यांत निंदणी करणाऱ्या बाईच्या हाताला लागते किंवा बैलाच्या खुराच्या बेचक्यांत बसते. काच जाळण्याचाही प्रयत्न करूं नये. शेकोटींत ती तडकून उडते. तुकडे हातमोजे घालून उचलावे, पत्र्याच्या जुन्या डब्यांत टाकावे, पांढरे निराळे व रंगीत निराळे, झांकणें व कडीं काढून. अखंड बाटल्या फोडूं नयेत. त्या उभ्या ठेवून मोजून द्याव्या, कारण अखंड बाटलीचा भाव नगावर मिळतो व फुटक्या काचेचा किलोवर. जेथें काच बारीक होऊन मातींत मिसळली आहे तेथें वरचा चार बोटें थर फावड्यानें काढून चाळणीनें चाळावा. हें काम पहिला पाऊस पडण्यापूर्वीं, माती कोरडी असतांना करावें. ओल्या मातींत काच दिसत नाहीं.